टॉवरमधल्या मावश्यांसाठी माथाडीसारखं मंडळ कधी?

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब नमस्कार. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात दोन कामगार आहेत. पप्पा वाशी मार्केटला माथाडी, म्हणजे हमाल, आई टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी आणि पोळ्या करते. पप्पांचा पीएफ जमा होतो, दिवाळीला बोनस येतो, आणि ही कुणाची मेहेरबानी नाही, अण्णासाहेब पाटलांनी हमाल एकत्र केले, लढले, तेव्हा कुठे 1969 चा माथाडी कायदा आला. आईला काय तर दिवाळीची साडी, ती पण मॅडमचा मूड असेल तर.

लोक म्हणतात घरकामाला एक मालक नसतो मग कायदा लावणार कसा. अहो हमालाला तरी कुठे एक मालक होता, सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. म्हणून तर मंडळ काढलं ना, व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे पीएफ-बोनससाठीची जादा रक्कम, मंडळात भरतो, हिशोब मंडळ ठेवतं. टॉवरमध्ये तर हे अजून सोपंय, सोसायटी रजिस्टर्ड असते, महिन्याला मेंटेनन्सचं बिल निघतं, त्यात एक ओळ वाढवायची. कोणती मावशी किती वाजता कुठल्या फ्लॅटला गेली हे गेटवरच्या अ‍ॅपमध्ये असतंच, हजेरी आयती तयार!

2008 ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केलात, मान्य. पण पगार किती, सुट्टी किती हे कोण ठरवणार? कोरोनात नोंदणीवाल्यांना 1500 रुपये जाहीर झाले, पण त्याने पगार-सुट्टी ठरत नाही.

आणि खरं सांगू का, युनियन आहे, पण मालकांची. भांड्याचा रेट काय द्यायचा ते सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतं, कुणी जास्त दिला तर बाकीचे त्याच्यावर चिडतात की आमच्या बायका बिघडवता म्हणून. इकडे बायका मात्र एकमेकींपासून रेट लपवतात, सातारची, सोलापूरची, बंगालची असे गट, एकीने सुट्टी मागितली की दुसरी कमी पैशात उभी. पप्पांच्या टोळीत असं होत नाही कारण दर सगळ्यांना एकच आहे, भांडायला कारणच नाही.

तर मालकाकडून लेव्ही घेणारं, निम्म्या खुर्च्यांवर कामवाल्या बसतील असं मंडळ करा, सुरुवात नवी मुंबईतून करा. आणि त्यासाठी मीटिंग ठेवलीत तर दुपारी 2 ते 4 ठेवा साहेब, त्याआधी आणि नंतर बायका कामावर असतात, रविवारी पण.

आपली,
एका माथाड्याची आणि एका कामवालीची मुलगी