चाचणी झाली, वर्ग का बंद?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. आनंदच आहे. पण आमच्या वाड्यावरचा प्रौढांचा वर्ग दीडशे गुणांची चाचणी आटोपताच बंद पडला. पास झालेल्या बायका पंचायतीच्या फलकापुढे उभ्या राहून अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "कितें बरयलां?" (काय लिहिलंय?)

१९७८ साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास मी पेडण्यात देवळाच्या मंडपात रात्रीचा वर्ग घ्यायचो. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक ठरवणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती तेव्हा ताजी होती. आमच्या प्रवेशिकेत, म्हणजे अक्षरओळखीच्या पुस्तकात, मात्र कमळ आणि नळ! एक काकी म्हणाल्या, "मास्तर, सही कित्याक? कूळ खंय बरयतात तें माका दाखय." (सही कशाला? कूळ कुठे लिहितात ते मला दाखवा.) जमिनीच्या हक्कनोंदीच्या, म्हणजे एक-चौदाच्या उताऱ्यात कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव चढले, हे तलाठी सांगेल तेवढेच त्यांना कळायचे. मी फळ्यावर उताराच आखला. मग एरवी भिंतीला टेकून डुलक्या घेणारे पुरुषही पुढे सरकले.

क्युबाची साक्षरता मोहीम २२ डिसेंबर १९६१ ला संपली, म्हणजे गोवा पोर्तुगीजांपासून मुक्त झाला त्याच आठवड्यात. लाखभर शाळकरी मुले कंदील घेऊन खेड्यापाड्यांत गेली, सात लाखांवर प्रौढ लिहू-वाचू लागले. त्यांच्या प्रवेशिकेचा दुसराच धडा जमीन सुधारणा करणाऱ्या सरकारी संस्थेचा. प्रचार त्यात ठासून भरला होता, तो आपल्याला नको. पण मोहीम संपली म्हणून वर्गांना कुलूप लागले नाही, त्याच माणसांना सहावीपर्यंत नेण्याचे काम पुढे चालले. टांझानियात राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंच्या राजवटीत १९७३ साली गावोगाव रेडिओ ऐकणारे गट बसले. आरोग्याचा धडा ऐकायचा, त्यावर बोलायचे आणि उठून संडासाचा खड्डा खणायचा.

आपल्याकडे पंचायतीची सभागृहे संध्याकाळी रिकामी असतात. तिथे आठवड्यातून दोनदा वर्ग भरवा. ग्रामसभेची नोटीस, वीजबिल, बँकेचे पासबुक, एक-चौदाचा उतारा हीच पुस्तके. शिकवायला माझ्यासारखे निवृत्त मास्तर गावागावांत आहेत, मानधनही नको. सभागृहाची चावी तेवढी द्या.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, पेडणे