दिव्याच्या आधी ठिपसे होते

संपादक साहेब,

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकला आणि एकही नॉर्म (म्हणजे ग्रँडमास्टर व्हायला स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक दर्जाची कामगिरी) नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, डोळे भरून आले खरंच. पण मला सारखे प्रवीण ठिपसे आठवतायत. भारताचे ग्रँडमास्टर म्हणजे पहिले विश्वनाथन आनंद १९८८, मग दिब्येंदू बारुआ १९९१ आणि तिसरे आपले मुंबईचे ठिपसे १९९७ ला, वय चाळिशीकडे झुकलेलं, तोवर माणूस खेळतच राहिला, तीन नॉर्म अन् २५०० रेटिंग, परदेशात जायचं तर खर्च केवढा! घरात पत्नी भाग्यश्रीताई, त्याही पाच वेळा महिला नॅशनल चॅम्पियन. दोघांची मोठी मुलाखत छापा ना, मुलांना वाचायला मिळू दे.

एक वाचक, डोंबिवली