आईला झोप लागली, दादा

दादा, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुमच्याआधी आईला जे ऐकावं लागलं तेही चारचौघांतच.

मोरीपाशी सापाची कात सापडली आणि आमच्या वारज्याच्या बिल्डिंगमध्ये एकच गोंधळ उडाला. सोसायटीच्या सेक्रेटरींना काळजी फ्लॅटच्या भावाची. बाहेर बोलू नका, एवढंच त्यांनी आईला बजावलं. एकाने कसलीशी पावडर गळ्यात मारली. सर्पमित्र म्हणवणारे एक महाशय मोबाईल रोखूनच घरात शिरले. "मण्यार आहे, जोडीदारही असणार," असं कॅमेऱ्याकडे बघत सांगितलं, पेट्रोलचे पैसे घेतले आणि गेले. तेव्हापासून आई रात्रभर दिवा लावून पलंगावर पाय वर घेऊन बसायची.

तुम्ही आलात, फोन खिशातच ठेवलात. वर्तमानपत्रावर कात पसरलीत आणि आईशेजारी फरशीवर बसलात. मला नाही, तिला दाखवलंत. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, इथे सगळे खवले सारखे. मण्यारीच्या शेपटीखाली खवल्यांची एकेरी रांग, इथे दुहेरी. म्हणजे हा कवड्या. बिनविषारी, रात्री पालींच्या मागावर भिंती चढणारा. दोघांच्याही अंगावर पट्टे असतात, म्हणून मण्यार समजून बिचारा कवड्या मारला जातो.

मग कातीच्या डोक्याकडचे दोन पारदर्शक गोल खवले दाखवलेत. सापाला पापण्या नसतात, डोळ्यांवरचं हे आवरणसुद्धा कातीबरोबर निघतं, आणि त्याआधी काही दिवस डोळे दुधाळ होऊन त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो आडोसा शोधतो. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. ती एकदम म्हणाली, "अगं बाई, म्हणजे त्यालाही दिसत नव्हतं!" इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती नव्हती.

पुढे तुम्ही मोरीपासून माळ्यापर्यंत घर पाहिलंत, फाटकी जाळी बदलायला सांगितलीत. ते सगळं ठीकच. पण मी हे पत्र लिहितेय ते दुसऱ्या सकाळच्या फोनसाठी. फोन माझ्या नंबरवर आला, पण "आजींना द्या" म्हणालात, आणि त्यांना विचारलंत, "आजी, झोप लागली का?"

बास, एवढंच. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ रडत होती. साप कुठला, विषारी का, पैसे किती, हे सगळ्यांनी विचारलं होतं. घरच्यांनीसुद्धा, मीही त्यातच. तिला झोप लागते का, हे कुणीच विचारलं नव्हतं.

१९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले होते, ती गोष्ट आई आम्हाला लहानपणी सांगायची. त्या धाडसाला मनापासून सलाम. पण सापाला न घाबरणारा माणूस घाबरलेल्या माणसाशीही इतक्या मायेने वागतो, हे मी तुमच्याकडे पाहिलं. दमून आलेली असूनही आवाज न चढवणारी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे वळून बोलणारी माणसं या शहरात आहेत, आणि त्यांचे व्हिडिओ कुणी काढत नाही.

कात आईने जपून ठेवलीय, नातवाला खवले दाखवायला. पेट्रोलचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, त्यामुळे रविवारी जेवायला यायचंच, असं तिने सांगितलंय. वहिनींना आणि मुलांनाही घेऊन या.