युरोची पायरी कोण चढतो, कोण अडवतो

मा. संपादक,

१ जानेवारी २०२६ पासून बल्गेरियात युरो आला आणि तो वापरणारे देश २१ झाले. पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात गेलेल्यांची घरे गोव्यात गावोगावी आहेत, त्यामुळे या बातम्या इथे आवडीने वाचल्या जातात. त्यात पक्षांची विभागणी मात्र ‘समर्थक’ आणि ‘विरोधक’ एवढ्यावरच उरकली जाते. खरा प्रश्न असतो, पक्ष नेमका कोणत्या पायरीवर अडून बसला आहे.

या पायऱ्या १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने ठरवून दिल्या. सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत हवी. कर्ज ६० टक्क्यांच्या आत, निदान त्या दिशेने पुरेसे उतरणारे. महागाई सर्वांत कमी महागाईच्या तीन देशांच्या सरासरीपेक्षा दीड टक्क्याहून अधिक वर जाता कामा नये, दीर्घ मुदतीचे व्याजदर त्याच देशांच्या सरासरीपेक्षा दोन टक्क्यांहून. मध्यवर्ती बँक कायद्याने स्वायत्त हवी. शिवाय किमान दोन वर्षे ‘ईआरएम-२’ या विनिमय दर यंत्रणेत काढावी लागतात, म्हणजे चलनाचा युरोशी दर ठरलेल्या पट्ट्यात ठेवावा लागतो. महागाईची अट किती काटेकोर, तर २००६ मध्ये लिथुआनिया अवघ्या ०.१ टक्क्याने नापास झाला आणि त्याला युरो मिळाला २०१५ साली.

सगळे राजकारण मुरते ते शेवटच्या अटीत. सरकारने स्वतःहून पाऊल टाकल्याशिवाय ईआरएमची दोन वर्षे सुरूच होत नाहीत. स्वीडन करारानुसार युरोला बांधील आहे, पण ते पाऊल टाकत नाही, आणि सूट न मागताही बाहेर राहता येते. १४ सप्टेंबर २००३ च्या सार्वमतात ५५.९ टक्के मते विरोधात पडली, तेव्हा डावे-उजवे हा हिशेब पार कोलमडला होता. सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान गोरान पेर्सन आणि विरोधी बाकांवरचा उजवा मॉडरेट पक्ष युरोच्या बाजूला. डावा पक्ष, ग्रीन आणि बिगरसमाजवादी गटातला सेंटर पक्ष दुसऱ्या बाजूला. पेर्सन यांचेच काही मंत्री उघड विरोधात होते. डेन्मार्कचे उलट आहे. त्याच्याकडे कायदेशीर सूट आहे, २००० च्या सार्वमतातही ५३.२ टक्क्यांनी नकार आला, पण त्याचे चलन क्रोन ईआरएम-२ मध्येच आहे आणि तोही १५ ऐवजी सव्वादोन टक्क्यांच्या अरुंद पट्ट्यात. कागदावर दूर, व्यवहारात जवळ!

पोलंडमध्ये ‘हो’ म्हणणे स्वस्त आहे. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनी २००८ मध्ये युरोसाठी २०११ चे लक्ष्य जाहीर केले होते. पण घटनेच्या कलम २२७ नुसार चलन काढण्याचा अधिकार फक्त पोलंडच्या मध्यवर्ती बँकेला आहे. ते बदलायला सेयम या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात दोन-तृतीयांश मते लागतात आणि युरोविरोधी ‘कायदा आणि न्याय’ पक्षाला वगळून ती जमणे कठीण.

बल्गेरियातल्या युरोविरोधी वाझराझ्दाने पक्षाचा सार्वभौमत्वाचा मुद्दा आम्हाला लंगडा वाटतो. तिथले जुने चलन लेव १९९७ पासून आधी जर्मन मार्कला, मग युरोला बांधलेले होते, दर एका युरोला १.९५५८३ लेव. स्वतंत्र पतधोरण तिथे उरलेच नव्हते. मे २०२५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रुमेन रादेव यांनी मांडलेला युरोवरच्या सार्वमताचा प्रस्ताव संसदेच्या सभापतींनी फेटाळला. त्यावरची नाराजी समजू शकते.

भाववाढीची भीतीही खोटी नाही, फक्त दोन्ही बाजू तिचे अर्धेच चित्र दाखवतात. ३ लेवची कॉफी नियमाने १.५३ युरोला पडते, दुकानदार ती १.६० करतो. पगार मात्र सेंटपर्यंत तंतोतंत बदलतो. २००२ मध्ये युरोच्या नोटा-नाणी आली, त्या बदलाचा एकूण महागाईवरचा परिणाम युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने ०.१ ते ०.३ टक्के इतकाच मोजला होता, पण कॉफी, पाव, केशकर्तन हे खर्च वरचेवर होत असल्याने तेच लक्षात राहतात. म्हणून बल्गेरियाने ऑगस्ट २०२५ पासूनच दोन्ही चलनांत किंमत लावणे सक्तीचे केले.

आपल्या दैनिकाला विनंती, अशा बातम्यांत तीन गोष्टी अवश्य द्याव्यात: ईआरएम-२ मध्ये जायला कोणता पक्ष तयार आहे, घटनादुरुस्ती लागत असल्यास मतांची बेरीज किती, आणि सार्वमत बंधनकारक आहे की केवळ सल्लादायी.

— काही वाचक, मडगाव