सुध्याला, पॉट्सबद्दल

प्रिय सुध्या,

दोन महिने उत्तर दिलं नाही, राग धरू नकोस. गुडघा बरा आहे. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांवरच्या तुझ्या लेखातलं पहिलंच वाक्य डोक्यातून जात नाही म्हणून बसलोय: "लाल डगले आले आणि दारूवाले पळाले." ते काढ रे.

८ जुलै १८७४ ला नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिसांचे, म्हणजे तुझ्या लाल डगल्यांचे, सुमारे २७५ जण मॅनिटोबातल्या डफरिनहून पश्चिमेला निघाले. सोबत ११४ रेड रिव्हर गाड्या (दोन चाकी लाकडी), दोन नऊ-पौंडी तोफा. घात केला घोड्यांनी. पूर्वेकडचे, ओट्सवर पोसलेले. माळावरच्या नुसत्या गवतावर त्यांचा निभाव लागेना, आणि वर ओझंही ओढायचं. वाटेत रोश पर्से इथे त्यांचा प्रमुख फ्रेंच याने खंगलेली जनावरं वेगळी काढून एडमंटनकडे पाठवली. उरलेले बो आणि साउथ सास्कॅचेवान नद्यांच्या संगमावर पोचले. दारूवाल्यांचा किल्ला व्हूप-अप तिथेच असणार असं धरून चालले होते, आणि तिथे किल्लाच नाही! मग चाऱ्यापाण्यासाठी स्वीट ग्रास टेकड्या गाठल्या, फ्रेंच आणि त्याचा दुय्यम मॅक्लाउड सीमेपलीकडे अमेरिकेतल्या फोर्ट बेंटनला गेले, आणि तिथे वाटाड्या जेरी पॉट्स मिळाला. आई काइनाई या आदिवासी जमातीची, बाप स्कॉट. त्याने व्हूप-अपला नेलं तोवर दारू केव्हाच हलवलेली होती. ओल्डमन नदीतल्या बेटावर ठाण्याची जागाही त्यानेच दाखवली. तुझ्या सोळा पानांत त्याचं नाव एकदाही नाही!

पुढच्या टेकडीपलीकडे काय आहे विचारलं, तर म्हणे तो सांगायचा, "दुसरी टेकडी." अगदी आपला नाना.

डगल्याचं त्या रात्री तू म्हणालास तेच खरं: अमेरिकी घोडदळाच्या निळ्यापासून वेगळं दिसायचं, म्हणून लाल. मी उगाच आवाज चढवला.

पण "माणूस धरून आणतातच" हे या पोलिसांचं बिरुद तसंच छापू नकोस. क्री जमातीचा तरुण ऑल्मायटी व्हॉइस याला १८९५ मध्ये एक जनावर मारल्यावरून धरलं, तो निसटला, एका सार्जंटला गोळी घातली. मे १८९७ मध्ये त्याला घेरल्यावर तोफा आणाव्या लागल्या, आणि हाती आलं ते प्रेत. शिवाय १८८५ नंतर आदिवासींना राखीव जमिनीबाहेर पडायला परवाना लागे. त्याला कायद्याचा आधार नव्हता, तरी पोलीस माणसं परत पाठवत. हे पान तू लिहायलाच हवंस. तुझ्याशिवाय कोण लिहिणार?

वहिनींची बदली रद्द झाली का? चिन्मयचा निकाल कळव. अण्णांना नमस्कार.

तुझा,
दिग्या