मिरजेच्या ऑर्थो वॉर्डातल्या सिस्टरांना

सप्रेम नमस्कार.

माझी आई आता वॉकर सोडून काठीवर चालते. तुळशीपर्यंत जाते, स्वतःच्या हातानं पाणी घालते. ७८व्या वर्षी न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेल्या बाईसाठी हे फार आहे. ज्या डॉक्टरांनी तिचा अर्धा सांधा बदलला त्यांचे आणि भूलतज्ज्ञांचे आभार आम्ही तिथेच मानले. डिस्चार्जच्या वेळी तुमच्यापैकी कुणाची नाइट संपली होती, कुणी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात होतं. म्हणून हे पत्र.

ऑपरेशनच्या सकाळी आईच्या हिरव्या बांगड्यांचा प्रश्न आला. माझे वडील आहेत. बांगड्या फोडायच्या म्हटल्यावर आईचा चेहराच उतरला. सकाळच्या सिस्टर, तुम्ही तिच्याशी वाद घातला नाहीत. काच राहिली तर हाताला सूज आल्यावर रुतते, आणि आत कॉटरी, म्हणजे रक्त थांबवायचं विजेचं साधन वापरतात म्हणून धातूचंही अंगावर काही नको, हे तिला कळेल असं सांगितलंत. मग साबणाचं पाणी आणलंत, तिच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवलीत आणि एकेक बांगडी न फुटता सोडवलीत. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या मोजून माझ्या हाती दिल्यात, रजिस्टरवर सही घेतलीत. कवळी डबीत गेली. हातावरच्या पट्टीवरचं नाव आणि कोणता पाय, हे पुन्हा तिच्याच तोंडून वदवून घेतलंत.

त्यातच मधे अपघाताची केस आली आणि आमचा नंबर लांबला. रात्रीपासून उपाशी असलेल्या आईची जीभ कोरडी पडली होती. ‘काही द्यायचं नाही’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही भूलतज्ज्ञांना फोन लावलात, नवी वेळ विचारलीत आणि त्यांच्या परवानगीनं तिला थोडं साधं पाणी दिलंत. जेवण सहा तास आधी बंद, पण नुसतं पाणी बहुतेकांना दोन तास आधीपर्यंत चालतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हाताऱ्या माणसाला विनाकारण तहानलेलं ठेवू नये यासाठी कुणीतरी फोन उचलावा लागतो.

ओटीतल्या सिस्टर, तुमचे मी फक्त मास्कवरचे डोळे पाहिले. पण आईला पाठीतून भूल दिली होती, त्यामुळे ती बरंचसं ऐकत होती. ‘लग्नघरात भाड्याची भांडी परत करताना मोजतात ना, तसे त्या रक्त टिपायचे कापडी मॉप मोजत होत्या, मोठ्यानं,’ असं ती अजून सांगते. मी नंतर त्याबद्दल वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासयादी काढली. त्यात ही मोजणीही आहे. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरल्यावर शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. तुमची ती मोठ्यानं केलेली मोजणी आईला धीर देत होती, हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं.

आणि नाइटच्या सिस्टर, तुमच्याबद्दल किती लिहू! ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री आई ‘म्हैस सुटली’ म्हणत खाटेवरून उठायला लागली. सलाईन ओढू लागली. मला ओळखेना. मी हादरून गेले. आईचं डोकंच फिरलं असं वाटलं. वॉर्ड भरलेला, नाइटला तुम्ही दोघीच. तरी तुम्ही तिचे हात बांधले नाहीत, तिच्यावर आवाज चढवला नाहीत. आधी बोटाला ऑक्सिजनची क्लिप लावलीत. साखर पाहिलीत, ताप पाहिलात, कॅथेटरची नळी कुठे दुमडली नाही ना ते बघितलंत. दुखतंय का, हे विचारून न थांबता तिच्या कपाळावरच्या आठ्यांवरून ताडलंत. डॉक्टरांना बोलावलंत. मग मला विचारलंत, ‘आजींचा चष्मा कुठाय? कानाचं मशीन?’ दोन्ही मी बॅगेत जपून ठेवली होती. ती लावल्यावर तुम्ही तिच्या समोर बसलात: ‘आजी, तुम्ही मिरजेला दवाखान्यात आहात. पायाचं ऑपरेशन झालंय. ही तुमची लेक.’ हेच त्या रात्री परत परत, त्याच आवाजात. शेजारच्या खाटेवर अथणीकडच्या आजी जाग्या झाल्या, त्यांना तुम्ही कन्नडमधून समजावलंत आणि परत आईकडे वळलात.

हे वेड नव्हे, याला डेलिरियम म्हणतात, खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत बऱ्याचदा दिसतं आणि बहुतेक वेळा ओसरतं, हे तुम्ही मला बाजूला घेऊन सांगितलंत. ते ओसरलंही. त्या रात्री हे सांगणारं कुणी नसतं तर आम्ही आईला कायमची ‘भ्रमिष्ट’ ठरवून घरी नेलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

दर दोन तासांनी कूस बदलणं, गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीला घासू न देणं, श्वास आत ओढायच्या मशीनमधले तीन चेंडू वर जाईपर्यंत पाठीशी लागणं हे सगळं चालूच होतं. वॉकर धरून उभं करायच्या आधी दुखण्याचं औषध वेळेवर पोचेल हेही तुम्हीच पाहायचात. आईला एकही बेडसोअर झाला नाही.

घरी जायच्या आदल्या दिवशी तुमच्यापैकी एकीनं विचारलं, ‘घरी संडास कसला आहे?’ भारतीय, म्हटल्यावर कमोडची खुर्ची आणायला लावलीत. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाटावर बसायचं नाही, हे आईकडून पाठ करून घेतलंत. आता ती ते आम्हालाच बजावते.

जाहीर पत्रात तुमची नावं लिहीत नाही. मेट्रनबाईंना दिलेल्या प्रतीत मात्र ती पाळीसकट लिहिली आहेत, तुमच्या फाइलला लागावीत अशी विनंतीही केली आहे. पुढच्या एक्स-रेला येऊ तेव्हा राउंड संपल्यावर आईला वॉर्डात घेऊन येते. तुम्हाला चालून दाखवायचं, असं तिनं ठरवलं आहे.

आपली,
खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींची लेक