संपाची तारीख ठरवण्याआधी

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. दुकानातली चाळीस माणसं पगारवाढीसाठी एक झाली आणि गणेश चवथीच्या आधी काम बंद करायचं म्हणतायत, हे वाचून फार बरं वाटलं. मागणी रास्त आहे, हंगामही बरोबर निवडलात. पण ‘चार सप्टेंबर ठरली, आता नोटीस लिहू’ हा क्रम उलटा आहे. आधी नोटिशीचं गणित मांडायचं, मग तारीख.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि दुकान-कामगारांसाठी नियम पार बदलले. १९४७ च्या जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात आगाऊ नोटिशीची सक्ती वीज, पाणी, वाहतूक अशा सार्वजनिक सेवांनाच होती. आता ती सगळ्यांनाच आहे. नोटीस दिल्यापासून चौदा दिवसांच्या आत संप करता येत नाही, आणि दिलेली नोटीस साठ दिवसच चालते. पण खरी मेख पुढे आहे. नोटीस मिळाली की मालकाने पाच दिवसांत ती सरकारला आणि समेट अधिकाऱ्याला, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायची असते. अधिकाऱ्याने पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती चालू असताना आणि संपल्यावर आणखी सात दिवस संप बेकायदा. संपाची नोटीस असेल तर अधिकाऱ्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

आता हे तुझ्या तारखेला लावून बघ. यंदाची, २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला, सोमवारी. तुम्ही २० ऑगस्टला नोटीस दिली तर चौदा दिवस ३ सप्टेंबरला भरतात, म्हणून ४ तारीख मोकळी दिसते. पण मध्येच २५ ऑगस्टला समेटाची बैठक लागली तर अहवाल ८ सप्टेंबरला, त्यावर सात दिवस म्हणजे १५ सप्टेंबर. चवथ गेली, गिऱ्हाईक गेलं, आणि पात्रांव, म्हणजे मालक, निवांत.

म्हणून नोटीस २७ जुलैला द्या. पहिली बैठक ६ ऑगस्टला झाली असं धर. अहवाल २० ला, सात दिवस २७ ला संपतात, आणि २८ ऑगस्टपासून तुम्ही मोकळे. साठ दिवसांची मुदत २५ सप्टेंबरपर्यंत आहे. बैठकीची तारीख आपल्या हातात नसते, त्यामुळे मध्ये असा दहाबारा दिवसांचा सैल भाग हवाच. आणि २८ ऑगस्ट मोकळी मिळाली तरी त्या दिवशी उठू नका. ऑगस्टचा पगार ७ सप्टेंबरपर्यंत द्यावाच लागतो. तो हातात पडू दे. मंगळवारी ८ सप्टेंबरला काम थांबवलंत तर घरात पगार आलेला असतो आणि दुकानापुढे शनिवार-रविवारची सगळ्यात मोठी खरेदी उभी असते. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेत ‘स्टॉप अँड शॉप’ या किराणा साखळीच्या एकतीस हजार कामगारांनी नेमका ईस्टरच्या तोंडावर अकरा दिवस संप केला. गिऱ्हाईकांनी पाठ फिरवली, ट्रकचालकांनी माल पोचवायला नकार दिला आणि कंपनीला करार करावा लागला. नाशवंत माल आणि सणाचा आठवडा, ही दोन्ही हत्यारं तुमच्याकडेही आहेत.

आणखी एक सापळा सांगतो. समेट फसला की दोघांपैकी कुणीही नव्वद दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो, आणि प्रकरण तिथे असेपर्यंत व निकालानंतर साठ दिवस संपाला पुन्हा बंदी. हुशार मालक अहवालाच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकतो. तो टाकणार नाही या भरवशावर बसू नका. तुमचा खरा जोर समेटाच्या त्या चौदा दिवसांतच असतो, कारण संप होऊ शकतो ही भीती तेव्हा जिवंत असते. बैठकीला हिशोब घेऊनच जा, नुसतं निवेदन घेऊन नको.

‘संप नको, सगळे एकदम रजा टाकू’ असं कुणी सुचवलं असेल तर त्याला थांबव. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली तर तोही संपच धरतात. बेकायदा संपाला कामगाराला एक हजार ते दहा हजार रुपये दंड, किंवा महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. चिथावणी देणाऱ्याला दंड दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. शिवाय दहा किंवा अधिक जण सूचना न देता एकजुटीने गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा वेतन संहितेत आहे. चाळीस घरांचे आठ दिवस म्हणजे काय, ते तुला सांगायला नको.

आता पैशांचं. तुझ्या मागणीपत्राच्या मसुद्यात ‘पाच हजार वाढ द्या’ एवढंच आहे. हा आकडा कुठून आला, असं समेट अधिकारी पहिल्याच बैठकीत विचारेल. त्याला उत्तर दोन बाजूंनी तयार ठेवायचं. पहिली बाजू कुटुंबाच्या गरजेची. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने मोजमाप घालून दिलंय: कमावत्यामागे तीन माणसांचा खप धरायचा, दर माणशी दिवसाला २७०० कॅलरी अन्न, कुटुंबाला वर्षाला सुमारे ६६ मीटर कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या वीस टक्के. १९९१ च्या रॅप्टाकोस ब्रेट निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांचं शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी पंचवीस टक्के जोडायला सांगितलं. तांदूळ, डाळ, तेल, भाजी, मासळी यांचे भाव म्हापसा किंवा मडगावच्या बाजारातून आठवडाभर टिपून काढा आणि त्या साच्यात बसवा. गोव्यातलं खोलीभाडं खरं तेच लिहा. सरकारचं किमान वेतन हा तळ आहे. त्यातला महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा ताजी अधिसूचना काढून प्रत्येकाची श्रेणी तपासा. बिलिंगवर सहा वर्षं असलेली बाई कागदोपत्री अकुशल दाखवलेली असणं फार ठिकाणी सापडतं.

दुसरी बाजू, जे देणं आधीच लागतंय पण मिळत नाही त्याची. मला हीच जास्त जोरकस वाटते, कारण इथे मालकाला दया दाखवायची नसते, थकबाकी फेडायची असते. उदाहरणाला १५,६०० रुपये वेतन धर. २६ दिवसांनी भागलं की रोजचे ६००, तासाचे ७५. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १५०. दुकान बंद झाल्यावर गल्ला जुळवणं, ट्रॉल्या आत घेणं, फळ्यांवर माल लावणं यात रोज पाऊण तास जातो. महिन्याचे साडेएकोणीस तास, २,९२५ रुपये. वर्षाचे ३५,१०० रुपये, एका माणसाचे. मात्र हे सिद्ध करायला वह्या हव्यात. प्रत्येकाने आजपासून रोजची आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ आपल्या हाताने लिहायची, मिळेल तिथे हजेरीयंत्राचा फोटो काढायचा.

पगारपत्रकं तीन वर्षांची गोळा कर. तीन गोष्टी बघ. शॉर्टेजच्या, म्हणजे माल किंवा रोकड कमी भरल्याच्या, नावाने कपात आहे का? माल किंवा रोकड त्या माणसाच्या ताब्यात सोपवलेली असेल, नुकसान त्याच्याच निष्काळजीपणाने झालं असेल आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच ती कापता येते. सगळ्या मजल्यावर सारखी वाटून टाकलेली शॉर्टेज बेकायदा. दंड असेल तर तो पगाराच्या तीन टक्क्यांवर जाता कामा नये. आणि मूळ पगार किती, भत्ते किती? भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले की वरचा भाग वेतनातच धरायचा, आणि त्यावर भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी मोजायची. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कामगाराची पाऊण टक्का कपात दिसते, पण मालकाचे सव्वातीन टक्के भरलेत का ते प्रत्येकाने ऑनलाइन पाहावं.

युनियनचं काय केलंत, ते तू लिहिलंच नाहीस. सात जणांनी अर्ज करता येतो, पण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे सभासद लागतात. वाटाघाटीचा हक्क मात्र वेगळा. एकाहून जास्त युनियन असल्या तर हजेरीपटावरचे एक्कावन्न टक्के ज्या युनियनकडे, तिच्याशीच मालक बोलायला बांधील. मालकाने घाईने दुसरी युनियन उभी केली तर हाच आकडा तुम्हाला वाचवेल, म्हणून साठ-सत्तर टक्क्यांखाली थांबू नका. आपला माल खपवायला कंपन्यांनी दुकानात उभे केलेले प्रमोटर तुमच्या पटावर नसतात, तेव्हा त्यांना मोजू नका. पण सोबत घ्याच, कारण संपाच्या दिवशी त्यांनाच काउंटरवर बसवायचा प्रयत्न होतो. एजन्सीकडून आलेले हेल्पर वेगळ्या मागणीपत्रात घाला. एजन्सीने पगार बुडवला तर दुकानमालक जबाबदार राहतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. फ्लोअर सुपरवायझर अठरा हजारांवर पगार घेत असेल तर तो कायद्याने ‘कामगार’ नाही, त्याची सही नोटिशीवर नको. नोटिशीवर सचिवाची आणि निवडून दिलेल्या पाच प्रतिनिधींची सही घ्या, एक प्रत पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. नमुनाही तिथूनच मागा.

प्रत्यक्ष संपात दुकान कुठे अडतं ते ओळख. सगळे चाळीस बाहेर आले तरी मालक दुसऱ्या शाखेतून दहा जण आणून शटर उघडेल. दुकान उघडं दिसतं आणि बाहेरच्यांचा धीर सुटतो. दहा बिलिंग काउंटरपैकी तीनच चालले तर रांग दारापर्यंत जाते आणि गिऱ्हाईक ट्रॉली तिथेच टाकून निघतं, म्हणून सगळ्यात आधी बिलिंगची माणसं पक्की हवीत. दुसरी जागा मागच्या दाराची. पहाटे दूध येतं, बेळगावहून भाजीची गाडी येते, ती उतरवून मोजून पावती करणारे दोघेतिघेच असतात. ते नसले तर माल दारात राहतो. पण एक लक्षात ठेव: शीतगृह बंद करणं, संगणकाचे पासवर्ड बदलणं, चाव्या घरी नेणं यातलं काहीही करायचं नाही. शेवटच्या पाळीला गल्ला मोजून, चाव्या देऊन, सही घेऊनच बाहेर पडायचं. नाहीतर चोरीची तक्रार होते आणि पगाराची गोष्ट बाजूला राहते.

दारासमोर वाट मोकळी ठेवा. गिऱ्हाईकाला अडवू नका, पत्रक द्या. एकच पान, मराठी आणि कोकणी, मागे इंग्रजी. पगार किती, तास किती, मागणी काय, एवढंच. मालाच्या दर्जाबद्दल एक शब्दही नको, त्यातून अब्रुनुकसानीचा दावा येतो. दुकानापासून ठरावीक अंतराच्या आत जमू नये असा मनाई आदेश मालक दिवाणी न्यायालयातून आणील, तेव्हा पर्यायी जागा आधीच बघून ठेवा. आझाद मैदानावर धरणं धरायचं असेल तर परवानगीचा अर्ज वेळेत करा. पत्रकारांना पहिल्या दिवशी नको, नोटीस दिली त्या दिवशीच बोलवा, म्हणजे संपाआधी सहा आठवडे लोकांच्या कानावर विषय राहील.

निधीबद्दल तू आशेने लिहिलंयस, म्हणून आकडा मांडतो. चाळीस जणांनी जूनपासून महिन्याला दोनशे दिले तरी ऑगस्टअखेर चोवीस हजार. माणशी सहाशे. यावर महिना निघत नाही, जेमतेम एक आठवडा निघतो. म्हणून रोख वाटू नका. एकत्र तांदूळ, डाळ, तेल घ्या आणि रोख फक्त ज्यांचं भाडं तटलंय त्यांना. कर्नाटक-ओडिशातून आलेली मुलं मालकाने दिलेल्या खोलीत राहत असतील तर खोली खाली करायचा दम पहिला त्यांनाच मिळेल. त्यांची सोय संपाआधी पेडणे-डिचोलीकडच्या सभासदांच्या घरी ठरवून ठेवा. ती मुलं फुटली तर दोष त्यांचा नाही.

शेवटी करार. तो समेट अधिकाऱ्यासमोरच करा. खाजगीत केलेला करार सह्या करणाऱ्यांपुरता, समेटात झालेला सगळ्या कामगारांना, उद्या लागणाऱ्यालाही बांधतो. मुदत लिहा, नाहीतर सहा महिनेच धरतात. वर्षवार वाढ, थकबाकीचा हप्ता आणि तारीख, मेमो मागे, कुणाची बदली नाही, रात्रपाळीच्या बायकांना घरापर्यंत गाडी. रात्री दहाला दुकान बंद होतं तेव्हा वाळपईला जाणारी बस केव्हाच गेलेली असते, म्हणून गाडीचं कलम पगाराच्या खालोखाल धरून बसा.

हजेरीपटावरची नेमकी संख्या, एजन्सीचे किती, प्रमोटर किती, एवढं याच आठवड्यात कळव. पगारपत्रकांचे फोटोही पाठव. मागणीपत्राचा तक्ता मी भरून देतो, तू आणि बिलिंगच्या दोघीजणी तो तपासा. वहिनींना नमस्कार.

तुझाच मित्र